शुक्रवारचा आवाज

(जून महिन्यातली दुपार. सांता रुफिना खोऱ्यातल्या पाटाचं लाकडी दार. गावाचा पाटकरी एलिसेओ माद्रिल लांब दाताळ्यानं दारात अडकलेला पाला ओढतो आहे. न्यायाधीश वेंडेल ऑस्गुड काठावर उभे. पायात कचेरीचे बूट, हातात न्यायाधीशांचं काम तपासणाऱ्या समितीचा घडी घातलेला कागद.)

वेंडेल: पाच विरुद्ध चार, एली. शेवटच्या ओळीत स्वच्छ लिहिलंय. ‘न्यायाधीश अपेक्षित दर्जाला उतरत नाहीत, असे समितीच्या पाच सदस्यांचे मत आहे, चार सदस्य असहमत.’

एलिसेओ: जरा मागे सरक. तिथली माती पोकळ आहे, पाय आत जाईल.

वेंडेल: एक मत. एक मत इकडचं तिकडे झालं असतं, तर हीच ओळ उलटी आली असती.

एलिसेओ: मला यावर बोलता येत नाही, वेंडेल. सही केलीय मी. समितीतलं समितीत.

वेंडेल: तू नको बोलूस. तू पाला ओढ, मी बोलतो. मंगळवारी पाकीट आलं. मॅरियन म्हणाली, आधी जेवून घे. जेवलो. मग तुमची नऊच्या नऊ नावं एका कागदावर लिहिली. दहावी जागा रिकामी आहे, ते मला ठाऊक आहे. चार वकील, पाच साधी माणसं. कुणी काय मत दिलं असेल ते प्रत्येक नावापुढे लिहीत गेलो. शाळेची बस चालवणारी फर्न माझ्या विरुद्ध, कारण तिच्या भाच्याचा गाडीचा परवाना मी रद्द केला होता. दोन वकील विरुद्ध, त्यांना माझी जागा हवीय. असं करत करत आठ नावं संपली. चार इकडे, चार तिकडे. नववं नाव तुझं.

एलिसेओ: ते छोटं दाताळं दे. तुझ्या पायाशी पडलंय.

वेंडेल: हे घे. अठ्ठावीस वर्षांची ओळख आहे आपली. तुझ्या आईच्या शवपेटीला मी खांदा लावला होता.

एलिसेओ: हो. उजवीकडून, पुढचा. पाऊस पडत होता आणि तू टोपी घातली नव्हतीस.

वेंडेल: समितीवर तुझं नाव सुचवलं गेलं, तेव्हा तू माझ्या ओसरीवर येऊन विचारलंस, घेऊ का हे काम. मी म्हटलं, घे. शिकलेल्यांनीच जज्जाची परीक्षा घ्यायची असं थोडंच आहे. मग तो फॉर्म आला. न्यायाधीशांशी तुमचं नातं काय, असा रकाना होता त्यात.

एलिसेओ: मी ‘शेजारी’ लिहिलं.

वेंडेल: आणि डेन्व्हरच्या कचेरीनं ते चालवून घेतलं. या खोऱ्यात सगळेच एकमेकांचे शेजारी, नाही तर समितीला माणसंच मिळायची नाहीत. मला तेव्हा बरं वाटलं होतं. म्हटलं, मला ओळखणारा एक तरी माणूस आत असेल.

एलिसेओ: तिथंच चुकलो आपण.

वेंडेल: म्हणजे कबूल करतोस.

एलिसेओ: फॉर्मचं बोलतोय मी. मताचं नाही.

वेंडेल: ऐक. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मला कळवायचंय, नोव्हेंबरात लोकांपुढे उभा राहणार की नाही. नाही म्हटलं, तर हा कागद कुठेच छापला जाणार नाही. कोर्टात केक कापतील, भिंतीवरचं घड्याळ भेट देतील, शेरीफ दोन चांगले शब्द बोलेल, मी घरी. हो म्हटलं, तर ऑक्टोबरात मतदारांची पुस्तिका घरोघरी जाईल आणि तिच्यात माझ्या नावाखाली ही ओळ असेल. मग मतदानाच्या चिठ्ठीवर प्रश्न येईल, या न्यायाधीशांना ठेवायचं का? ‘हो’ किंवा ‘नाही’. मी तुला काही बदलायला सांगत नाहीये. मला फक्त कारण सांग. शुक्रवारच्या आत एवढं कळायचा हक्क आहे मला.

एलिसेओ: कारण त्या कागदात आहे. दुसरं पान.

वेंडेल: ‘वकील नसलेल्या पक्षकारांशी वागणुकीत तफावत आढळते.’ हे कारण आहे? ही तर एखाद्या पोरसवद्या वकिलाची भाषा.

एलिसेओ: शब्द त्यांचे आहेत. मला असं लिहिता येत नाही.

क्लिओफा (एलिसेओची बायको, जेवणाची टोपली घेऊन येते): पाणी आलं पाटाला, भाकर आली काठाला, आणि पाटकरी बसलाय गप्पा हाणत. अरे, जज्जसाहेब पण आहेत का. बरं झालं, चार पोळ्या जास्त घातल्यात. हिरव्या मिरचीचा रस्सा आहे, डुकराचं मांस आहे, बटाटे आपलेच. बसा हो. बुटांची काळजी करू नका, ते गेलेच आता कामातून.

वेंडेल: नको, वहिनी. मी निघतोच आहे.

क्लिओफा: उपाशी माणूस माझ्या समोरून निघत नसतो. आणि बरे भेटलात, मला सांगायचंच होतं. चर्चच्या आमच्या मंडळातल्या चौदा बायकांना मी आत्तापासून सांगून ठेवलंय. चिठ्ठीत अगदी खालपर्यंत जायचं, राज्यपाल, आमदार झाले की कंटाळून घरी यायचं नाही, खाली जज्जांची नावं असतात, तिथं ऑस्गुड शोधायचं आणि ‘हो’वर खूण करायची. म्हातारी अ‍ॅपोलोनिया म्हणाली, मला दिसत नाही. मी म्हटलं, मी हात धरून नेते.

वेंडेल: चौदा बायका.

क्लिओफा: पंधरावी मी. आमच्या घरची तर दोन मतं पक्की.

वेंडेल: वहिनी, दोन नाहीत. तुमच्या नवऱ्यानं समितीत माझ्या विरुद्ध मत दिलंय.

क्लिओफा: हं. आणि मी पोपशी सूत जमवलंय. घ्या, ताट धरा.

वेंडेल: विचारा त्याला.

क्लिओफा: एली. काय म्हणतायत हे?

एलिसेओ: मला सांगता येत नाही, क्लिओ. सही केलीय.

क्लिओफा: माझ्याकडे बघून सांगता येत नाही म्हण.

एलिसेओ: हो. दिलंय मी.

क्लिओफा: कधी?

एलिसेओ: मे महिन्यात. संत इसिद्रोची मिरवणूक झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

क्लिओफा: म्हणजे मी संध्याकाळी बायकांच्या दारोदार जात होते, आणि तू ओट्यावर बसून मला विचारायचास, आज कुणाकडे गेली होतीस. मी नावं सांगायची आणि तू मान हलवायचास.

एलिसेओ: सही केली होती.

क्लिओफा: त्यांच्यापुढे सही आत्ता केलीस. माझ्यापुढे केलीस, तिला चाळीस वर्षं झाली. या माणसानं आपला नातू, आपला निको, आपल्याला दिला. तू हे कसं केलंस?

एलिसेओ: निकोमुळेच केलं.

वेंडेल: हे मात्र मला ऐकायचंय. आत्ता मत सांगितलंस, म्हणजे नियम मोडलाच आहेस. बोल.

एलिसेओ: बोलतो. बसा दोघंही. मला उभ्या माणसांपुढे बोलता येत नाही. आम्हाला नियम असा की, न सांगता कोर्टात जाऊन बसायचं आणि जज्ज कसा वागतो ते बघायचं. मी दोनदा आलो. शेवटच्या बाकावर बसलो.

वेंडेल: मी पाहिलं होतं तुला. तुझी ती टोपी अर्ध्या जिल्ह्याला माहीत आहे.

एलिसेओ: तू पाहिलंस, खरं. आणि दोन्ही वेळा तू इतका छान वागलास की मी घरी येऊन क्लिओला म्हटलं, हा माणूस कोर्टात बसतो तेव्हा भिंतीसुद्धा शांत होतात. म्हटलं होतं ना गं?

क्लिओफा: म्हटलं होतं.

एलिसेओ: तेच मी बैठकीत सांगितलं. तर फर्न म्हणाली, तुम्ही शिरलात की त्यांचा आवाज बदलतो, तुम्ही नसताना ऐका. कोर्टात सगळं ध्वनिमुद्रित होतं, आपल्याला मागता येतं, शुक्रवारचं मागवा, शुक्रवारी वकील कुणी नसतात. मला राग आला. मी म्हटलं, मागवतोच. दिवसही मीच निवडला. फर्नचं तोंड बंद करायचं म्हणून, वेंडेल. तुझ्या बाजूनं मागवलं मी ते.

वेंडेल: कुठला शुक्रवार?

एलिसेओ: ऑक्टोबरातला दुसरा. घरी कुणी नव्हतं, क्लिओ बहिणीकडे गेली होती. स्वयंपाकघरात लावलं. पहिली दहा मिनिटं ऐकली आणि बंद केलं. वाटलं, त्यांनी दुसऱ्याच जज्जाचं पाठवलंय. पुन्हा पहिल्यापासून लावलं. सुरुवातीला कारकून बाई तुझं नाव घेते. तुझंच होतं.

वेंडेल: मी काय, शिव्या देत होतो?

एलिसेओ: नाही. शिव्या असत्या तर बरं झालं असतं, माणूस चिडतो कधी म्हटलं असतं. तू कुणाला काही वाईट बोलला नाहीस. फक्त कुणासाठी थांबला नाहीस. एकेकाचं नाव घेत होतास आणि पुढच्याला बोलवत होतास. मधे एक बाई आली. युलालिया नाव तिचं. बटाट्याच्या गोदामात बटाटे निवडायला असते. ग्वाटेमालातली, तिला इंग्रजी येत नाही आणि आमची स्पॅनिशही धड नाही, तिची भाषा तिसरीच. दुभाष्या फोनवर होता, तो फोन मधे तुटला. नातीचा ताबा मागायला आली होती. सात वर्षांची नात, आई गेलेली, बाप कुठंतरी पश्चिमेकडे. तू विचारलंस, बापाला नोटीस पोचल्याची पावती कुठे आहे. नव्हती. तू म्हणालास, सहा आठवड्यांनी या. तिनं कसंबसं विचारलं, तोवर पोरगी कुठे राहील. तू म्हणालास, ते जिल्ह्याचं बालकल्याण खातं बघेल. आणि पुढचं नाव घेतलंस. चार मिनिटं, दहा सेकंद. मी घड्याळ लावून मोजलं.

क्लिओफा: पावती.

एलिसेओ: हो, क्लिओ. पावती.

क्लिओफा: निकोच्या वेळी आपल्याकडेही नव्हती.

एलिसेओ: नव्हती. निकोचा बाप टेक्सासात तेलविहिरीवर होता, नोटीस गेली होती, पावती आली नव्हती. हाच कायदा, हाच रकाना, हाच कोर्टाचा हॉल. हे जज्जसाहेब आपल्याला म्हणाले होते, बसा, घाई नाही, आधी पाणी प्या. मग कोर्ट जेवणासाठी उठवलं. स्वतः टेक्सासच्या शेरीफाला फोन लावला. एकदा नाही, चारदा. साडेपाचला तिकडून पावती आली, तोवर हे थांबले आणि मग सही केली.

क्लिओफा: कारकून बाई कोट घालून दारात उभी होती. हे तिला म्हणाले, अजून थोडं. मला सगळं आठवतंय.

एलिसेओ: मला तर ते पाठ आहे. बारा वर्षं मी लोकांना सांगतोय, कोर्टाला घाबरू नका, तिथं माणसाचं ऐकतात. पाटावर भांडणं झाली की सांगतो. चर्चमध्ये सांगतो. किती जणांना मी त्या दारातून आत पाठवलं असेल.

वेंडेल: झालं तुझं? आता माझं ऐक. दोन जिल्ह्यांना मिळून एक कोर्ट आहे. शुक्रवारी माझ्यापुढे सत्तर-ऐंशी प्रकरणं येतात. प्रत्येकासाठी मी साडेपाचपर्यंत थांबलो, तर सोमवार उजाडेल. तुला मी ओळखत होतो. तू नोटीस पाठवली म्हणालास, म्हणजे पाठवली होतीस, यात मला शंका नव्हती. न्यायाधीशानं साक्षीदाराचा शब्द तोलायचा असतो. तुझा शब्द किती वजनाचा आहे हे मला माहीत होतं. ते माहीत नाही असं सोंग मी का करायचं? त्या बाईबद्दल मला काय माहीत होतं?

एलिसेओ: तू विचारलंच नाहीस.

वेंडेल: दुभाष्याचा फोन तुटला होता.

एलिसेओ: फोन पुन्हा लावता येतो. तू टेक्सासला चारदा लावला होतास.

वेंडेल: आणि सहा आठवड्यांनी ती आलीच नाही. अर्ज तिनंच सोडून दिला.

एलिसेओ: नोव्हेंबरात गोदामात काम जोरात असतं. सुट्टी घेतली की दुसऱ्या दिवशी कामावर दुसरी बाई. पोरीला घाटापलीकडे कुठल्या तरी अनोळखी घरी ठेवलंय. फर्नला कसं कळलं माहीत आहे? भाच्याच्या परवान्याचं काही नाही ते. तिच्या बसमधली ती सीट रिकामी राहायला लागली. तिनं शाळेत चौकशी केली.

वेंडेल: हे मला कुणी सांगितलं नाही.

एलिसेओ: नाही सांगितलं. ती कुणाची शेजारीण नव्हती.

वेंडेल: एली, तू एक विसरतोयस. मी तुझं घर वाचवलं. तू ते घेतलंस, दोन्ही हातांनी घेतलंस, बारा वर्षं त्यावर जगलास. आणि तीच मेहेरबानी उचलून माझ्या तोंडावर मारलीस. कुठलाही परका माणूस माझ्याशी असं वागला नसता.

एलिसेओ: मेहेरबानी. आत्ता तूच म्हणालास. मी इतकी वर्षं त्याला न्याय म्हणत होतो.

वेंडेल: शब्द पकडू नकोस.

एलिसेओ: शब्द नाही पकडत. दोन वर्षांमागं पाणी आटलं होतं, तुझा लसूणघास जळत होता, तू इथंच येऊन एक तास जास्त मागितलास. मी दिला नाही.

वेंडेल: आणि मी रागावलो नाही.

एलिसेओ: नाही रागावलास. उलट म्हणालास, म्हणूनच आम्ही दरवर्षी तुलाच पाटकरी निवडतो. तुझा घास माझ्या डोळ्यांपुढे गेला. मला झोप लागत नव्हती. पण शेवटच्या शेतवाल्याला मी ओळखतही नाही नीट, नवीन आलाय, त्याची पाळी होती. मला वाटायचं, तू तिकडे वर बसून हेच करतोस. आपण दोघं एकच काम करतो असं वाटायचं मला. मी खाली, तू वर.

वेंडेल: आणि मी तुलाही चार मिनिटांत परत पाठवलं असतं? मग दिलं असतंस मत?

एलिसेओ: काय माहीत. निको गेला असता. मी तुझा तिरस्कार केला असता, आणि ते सोपं होतं. तू मला तेवढीसुद्धा सोय ठेवली नाहीस. टेप ऐकल्यापासून निको समोर जेवायला बसला की मला ती दुसरी पोरगी दिसते. माझ्याच नातवाकडे मला सरळ बघता येईना. हे तू केलंस, वेंडेल.

क्लिओफा: आणि हे सगळं तू एकट्यानं बसून ऐकलंस. माझ्या स्वयंपाकघरात.

एलिसेओ: तुला सांगितलं असतं, तर तूही त्याच्याकडे पहिल्यासारखं बघू शकली नसतीस.

क्लिओफा: कुणाकडे?

एलिसेओ: निकोकडे.

क्लिओफा: दरवर्षी नाताळाला यांच्या घरी बडीशेपेच्या बिस्किटांचा डबा कोण नेऊन देतं? मी. दिवसभर भट्टीपुढे उभी राहते. मॅरियनबाई म्हणतात, कशाला इतकं करता, मी म्हणते, तुमच्या नवऱ्यानं केलं त्यापुढे हे काहीच नाही. आज कळतंय, मी डबा कशाचा नेत होते. आणि तुझ्यावर तर मी नंतर बोलणार आहे, एली. इथं नाही.

एलिसेओ: बोल.

वेंडेल: मी उभा राहतोय.

एलिसेओ: काय?

वेंडेल: शुक्रवारची वाट बघायची गरज नाही. मी उद्याच कळवतो. छापू दे ती ओळ. पाच माणसांनी ठरवावं आणि मी घड्याळ घेऊन घरी जावं, असं व्हायचं नाही. एकवीस वर्षं मी या खोऱ्यात बसलोय. लोक मला ओळखतात. तुझ्यासारखी घरं किती आहेत, तुला कल्पना नाही. त्यांना त्यांचं मत देऊ दे.

एलिसेओ: तुझा हक्क आहे तो.

वेंडेल: वहिनी, तुम्हालाच विचारतो. याच्यासमोर विचारतो. नोव्हेंबरात माझं नाव चिठ्ठीवर असेल. तुम्ही काय करणार?

क्लिओफा: मी ‘हो’वर खूण करीन.

वेंडेल: ऐकलंस, एली.

क्लिओफा: थांबा. निको घरात झोपतो, उठतो, माझ्या हातचं खातो. माझा हात ‘नाही’वर जाणार नाही. मी तेवढी मोठी नाही. पण त्या चौदा जणींकडे मी परत जाणार आहे. एकेकीच्या दारी. म्हणणार, मी मागे सांगितलं होतं ते सोडून द्या, पुस्तिका येईल ती वाचा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

वेंडेल: अ‍ॅपोलोनियाला दिसत नाही.

क्लिओफा: तिला वाचून दाखवीन. सगळं. दुसरं पानसुद्धा.

वेंडेल: त्या विचारतील तुम्हाला, मग तू कशाला ‘हो’ म्हणतेस. काय सांगणार आहात?

क्लिओफा: खरं ते सांगेन. आमचं काम झालं होतं म्हणून.